१९९५ च्या ४८६ ला आजचा एसएमपीएस: काय बघून घ्यावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक ४८६ संगणक आहे. डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ४२० एमबीची हार्ड डिस्क, साडेतीन इंची फ्लॉपी. १९९५ साली घेतलेला. आत व्हीजीए कार्ड, हार्ड डिस्क-फ्लॉपी-सिरीयलचं मल्टी आय/ओ कार्ड आणि पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (संगणकावर मराठी लिहू देणारं), तिन्ही आयसा स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या त्या काळच्या कार्डांच्या खाचांत. तेव्हाच्या ग्रंथपालांनी या कार्डावर आख्खी दाखल नोंदवही मराठीत चढवली होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या कागदी नोंदवहीचा लगदा झाला. संगणक माडीवर कपाटावर होता म्हणून वाचला. म्हणजे कुठलं पुस्तक कोणत्या साली आलं, कुणी देणगी दिलं, हे आता फक्त त्या डिस्कवर आहे.

मशीन चालू होत नाही. एसएमपीएसचा (मेन्सच्या विजेतून संगणकाला लागणारे कमी व्होल्ट बनवणारा डबा) पंखाही हलत नाही. त्याच्या लेबलवर असं आहे: २०० वॅट, +५ व्होल्ट २० अँपिअर, +१२ व्होल्ट ८ अँपिअर, −५ व्होल्ट ०.५ अँपिअर, −१२ व्होल्ट ०.५ अँपिअर. बोर्डाला जाणारे दोन सहा-सहा तारांचे कनेक्टर आहेत, पी८ आणि पी९. शिवाय कॅबिनेटच्या पुढच्या बटणाकडे एक जाड काळी केबल गेली आहे.

सांगलीतल्या दुकानदाराने सांगितलं, "४५० वॅटचा नवीन टाका, वर एटीचा कन्व्हर्टर लावा, झालं." एटी म्हणजे या मशीनच्या काळातली एसएमपीएसची पद्धत. पण नव्या एसएमपीएसच्या लेबलवर −५ व्होल्ट कुठेच दिसत नाही. ते नसलं तर चालेल का? ४५० वॅट जास्त तर होणार नाहीत? आणि त्या पुढच्या बटणाचं काय करायचं? मी शेती बघतो, वाचनालयाचा सचिव आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, पण हे असलं मशीन कधी उघडलेलं नाही.

---

बुधवार_पेठ

तपकीर गल्लीत किंवा भंगारवाल्याकडे जुना एटी एसएमपीएस अजून मिळतो. तोच आणा आणि जसाच्या तसा बसवा. −५ आपोआप येईल, कन्व्हर्टरची भानगड नको.

---

मुक्ता_डोंबिवली

कृष्णाकाठ, मशीनच्या आधी डिस्क बघा. मशीन जागं होईल तेव्हा होईल, डिस्कची नक्कल आधी झाली पाहिजे. एक सावधगिरी: त्या काळातल्या काही डिस्क एलबीए पद्धत (डिस्कवरच्या जागा सरळ क्रमांकाने सांगण्याची) ओळखत नाहीत, आणि बाजारातले बरेचसे आयडीई-यूएसबी अडॅप्टर एलबीएशिवाय बोलत नाहीत. अडॅप्टरला डिस्क दिसली नाही म्हणून ती मेली असं धरू नका. ज्या बोर्डावर खरा आयडीई पोर्ट आहे असा एखादा पेंटियम ४ च्या काळातला संगणक मिळवा आणि त्यावर लावा. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे असतील, ते आत्ताच लिहून ठेवा. बोर्डाची बॅटरी गेली असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) तेच भरावे लागतील.

अवांतर: जिस्टमधली माहिती साधारणपणे इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतात असते. युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीच्या मांडणीवरच बेतलेला आहे, त्यामुळे फाइल हाती आली की आजच्या मराठीत आणणं कठीण नाही. ते काम मी करून देईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

फेराइट

कृष्णाकाठ, धागा वाचला आणि लगेच लिहायला बसले. माझी नोकरी भोसरी एमआयडीसीतल्या पॉवर सप्लायच्या कारखान्यात झाली. आधी ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगला होते, नंतर निवृत्त होईपर्यंत टेस्टिंग बेंचवर. तुमच्याकडे आहे त्या जातीचा एसएमपीएस मला आतून पाठ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मुक्ताताईंनी डिस्कचं सांगितलं ते अगदी बरोबर. ते काम पहिलं.

आता एसएमपीएस. दुकानदार वॅटमध्ये बोलतो, कारण गिऱ्हाईक वॅट विचारतं. तुम्ही तो आकडा सोडा आणि लेबलवरचा तक्ता वाचा. तुमच्या मशीनचं जवळजवळ सगळं खाणं ५ व्होल्टवर आहे. प्रोसेसर ५ व्होल्टवर, रॅम ५ व्होल्टवर, कार्डं ५ व्होल्टवर. सगळं मिळून पाच-सहा अँपिअर धरा. १२ व्होल्टवर फक्त डिस्कची आणि फ्लॉपीची मोटर. डिस्क फिरायला लागताना काही सेकंद दीड-दोन अँपिअर, नंतर अर्ध्याच्या आत. एकूण चाळीस वॅटच्या आसपास. आजच्या कुठल्याही बऱ्या एसएमपीएसला ५ व्होल्टवर १२ ते २० अँपिअर असतात. म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही.

प्रश्न उलटा आहे. ४५० वॅटच्या नव्या एसएमपीएसला १२ व्होल्टच्या एकाच रेलवर (पुरवठ्याच्या रेषेवर) तीस-पस्तीस अँपिअर असतात. तुमच्या बोर्डावर आणि कार्डांवर १२ व्होल्टच्या रेषेत टँटलम कपॅसिटर असतील, मण्यासारखे, पिवळे नाहीतर निळे. वर्षानुवर्षं पडून राहिलेला टँटलम पुष्कळदा शॉर्ट होतो. तुमच्या जुन्या २०० वॅटवाल्याने शॉर्ट दिसताच मान टाकली असती. नवा मोठा एसएमपीएस त्याला शॉर्ट मानेलच असं नाही. मण्याचे एक-दोन ओम उरले असतील तर तो निमूटपणे दहा अँपिअर देत राहील आणि मणी ज्वाळा काढून जळेल, खालचा बोर्ड घेऊन. म्हणून माझं ठाम मत असं: नावाजलेल्या कंपनीचा, पण लहानात लहान घ्या. २५० किंवा ३०० वॅट. एसएफएक्स या लहान मापाचा मिळाला तर पत्र्याची पट्टी लावून बसवा. आणि १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेत ४ अँपिअरचा, ५ व्होल्टच्या लाल तारांच्या जुडीत १० अँपिअरचा मोटारीत असतो तो पात्याचा फ्यूज घाला. फ्यूज पाच-दहा रुपयांचा, आणि तो बोर्ड आता कुठे मिळायचा नाही.

तक्त्यात आणखी एक गोष्ट बघायची. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच कॉइलवर गुंडाळलेले असतात आणि नियंत्रण दोघांची सरासरी बघून होतं. ५ वर ओझं आणि १२ रिकामा, अशी तुमच्यासारखी स्थिती असली की ५ खाली बसतो आणि १२ वर चढतो. नव्या पद्धतीत आधी फक्त १२ व्होल्ट तयार होतात, आणि ५ व ३.३ व्होल्ट त्या १२ मधून वेगळ्या छोट्या बोर्डांवर बनतात. त्यात ही ओढाताण नाही. ओळखायचं कसं? १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२ करा. उत्तर एकूण वॅटच्या जवळपास आलं, म्हणजे ३०० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला २४-२५ अँपिअर लिहिले असले, तर तो बहुधा नव्या पद्धतीचा. तोच घ्या. हातात उचलूनही बघा. फिल्टरच्या कॉइल गाळलेला डबा हलका लागतो, आणि असला डबा लेबलवर काहीही लिहून घेतो.

बुधवार_पेठ, तुमचा सल्ला मला पटत नाही. भंगारातल्या एटी एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही तितकेच जुने. ते सुकले की रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, वाढतो, आणि चालू होतानाच्या क्षणी ५ व्होल्टची रेषा कुठवर उडी मारेल ते सांगता येत नाही. उघडून कपॅसिटर बदलणार असाल तर गोष्ट वेगळी. पण मग स्वतःचाच का दुरुस्त करू नये? कृष्णाकाठ, तुमचा जुना एसएमपीएस फेकू नका, तो दुरुस्त होण्याजोगा असेल. मात्र हे काम जाणकाराला द्या. आत मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

आता जोडणी. इथे लोकांचे बोर्ड जातात, म्हणून नीट वाचा.

पी८ आणि पी९ शेजारी शेजारी बसतात आणि दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. काळ्याला काळी. उलट बसले तर ५ व्होल्टच्या जागी भलतंच जाईल. पी८ चा क्रम: नारिंगी, लाल, पिवळी, निळी, काळी, काळी. पी९ चा: काळी, काळी, पांढरी, लाल, लाल, लाल. पांढरी म्हणजे तुमचे −५.

सगळ्यात मोठा सापळा नारिंगी तारेचा. जुन्या एटीमध्ये नारिंगी म्हणजे पॉवर गुड, "व्होल्टेज ठीक आहे, आता सुरू हो" असा बोर्डाला दिलेला संकेत. नव्या एटीएक्समध्ये (एटीनंतर आलेल्या, आजच्या पद्धतीत) नारिंगी म्हणजे ३.३ व्होल्ट, आणि पॉवर गुड असतो करड्या तारेवर. तयार कन्व्हर्टर घेतलात तरी मीटरने तपासा: करडी तार पी८ च्या पहिल्या पिनला गेली आहे ना? काही कन्व्हर्टरवाले तिथे थेट ५ व्होल्ट जोडून मोकळे होतात. मग व्होल्टेज स्थिर व्हायच्या आधीच बोर्ड सुरू व्हायला बघतो, आणि कधी चालू होतो कधी नाही असं दुखणं मागे लागतं. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे करड्या तारेचा संकेत १०० ते ५०० मिलिसेकंद उशिरा यायचा असतो, आणि ४८६ ला नेमकं तेच हवं आहे.

पुढचं बटण. त्या जाड काळ्या केबलमध्ये २३० व्होल्ट खेळत होते. ती चारही तारांसकट जुन्या एसएमपीएसबरोबर मशीनबाहेर काढा. नव्या एसएमपीएसला चालू करायला हिरवी तार काळीला जोडावी लागते, बस. कन्व्हर्टरवर त्यासाठी दोन बारीक तारा सोडलेल्या असतात, नसतील तर तुम्ही काढा. बटण दाबलं की दाबलेलंच राहणाऱ्या जातीचं आहे, म्हणून तेच वापरता येईल. आधी मीटरच्या बीपवर तपासा, कारण इतकी वर्षं मोठ्या दाबावर चाललेले संपर्क कमी व्होल्टेजला कधी कधी दगा देतात. वाचनालयात मुलं येतात, पुढच्या बटणात मेन्स नसणं हा या बदलाचा मोठा फायदाच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, −५. एटीएक्सच्या जुन्या आवृत्त्यांत ते होतं, २००३ च्या सुमाराला नियमांतून गेलं. २४ पिनांच्या कनेक्टरवर २० क्रमांकाची जागा आता रिकामी असते. हे −५ मुळात हवं होतं ते पहिल्या आयबीएम पीसीतल्या ४११६ जातीच्या रॅमला. त्या चिप्सना १२ मिळाले आणि −५ नाही मिळाले तर त्या खराबही होतात. ४८६ च्या काळात ती रॅम नाही, तुमचा बोर्ड −५ फक्त आयसा स्लॉटपर्यंत पोचवतो. म्हणजे कार्डांपैकी कुणाला लागतं का, एवढंच बघायचं.

ते डोळ्यांनी दिसतं. कार्ड हातात घ्या, सोल्डरची बाजू तुमच्याकडे, म्हणजे जिथे चिप्स नाहीत ती. मागच्या पत्र्याच्या कडेपासून सोनेरी पट्ट्या मोजा. पहिली ग्राउंड, तिसरी +५, पाचवी −५, सातवी −१२, नववी +१२. पाचव्या पट्टीवरून रेघ निघत नसेल, किंवा पट्टीच नसेल, तर त्या कार्डाला −५ नको. तिन्ही कार्डं बघा, विशेषतः जिस्ट.

रेघ निघाली तर −१२ मधून −५ बनवायचे. ७९०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. इनपुटला २.२ मायक्रोफॅरड, आउटपुटला १ मायक्रोफॅरड टँटलम, अगदी पायांजवळ. पण ७८०५ ची, म्हणजे +५ व्होल्टच्या रेग्युलेटरची, सवय असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ७९०५ चे पाय वेगळे आहेत: पहिला ग्राउंड, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. आणि त्याची पत्र्याची पाठ मधल्या पायाला जोडलेली असते, म्हणजे पाठीवर −१२ व्होल्ट. ती कॅबिनेटला टेकली की शॉर्ट. वर संकोचनळी (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. नव्या एसएमपीएसला −१२ वर साधारण ०.३ अँपिअरच असतात आणि त्यातच सिरीयल पोर्टचंही भागवायचं आहे, म्हणून −५ वर शंभर मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढू नका. आणि हो, खरेदी करताना −१२ तक्त्यात आहे याची खात्री करा. फक्त १२ व्होल्ट देणारे नवे दहा पिनांचे एसएमपीएस येतात, ते तुमच्या कामाचे नाहीत.

फ्लॉपीचा बारका कनेक्टर नव्यावर बहुतेक नसतो. मोठ्या चार पिनांवरून छोट्यावर येणारी तार मिळते. पिवळी, काळी, काळी, लाल हा क्रम ड्राइव्हशी ताडून बघा. उलटा बसला तर ५ च्या जागी १२ जातात.

आणि पंखा. नव्या एसएमपीएसचा मोठा पंखा अंगावर असतो, पाठीवर नाही. आडव्या कॅबिनेटमध्ये ती बाजू पत्र्याला चिकटत असेल तर हवा कोंडेल. खरेदीआधी जागेचं माप घ्या. एटीएक्सचं माप १५० × ८६ × १४० मिलिमीटर, आणि नव्वदच्या दशकातल्या बऱ्याचशा कॅबिनेटमध्ये ते सरळ बसतं.

वीज देण्याआधी दोन कामं कराच. बोर्डावर ३.६ व्होल्टची नळकांड्यासारखी बॅटरी असेल तर ती आजच कापून काढा. ती गळते आणि आजूबाजूच्या रेघा खाते. हिरवट चुरा दिसला तर व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. दुसरं, मीटर ओमवर ठेवून पी८-पी९ च्या जागी काळ्या आणि प्रत्येक व्होल्टेजच्या पिनमधला रोध मोजा, आधी सगळी कार्डं लावून, मग एकेक काढून. आकडे इथे टाका. ते बघितल्याशिवाय बटण दाबू नका, एवढं माझं ऐका.

---

पाचवा_गिअर

फेराइट ताई, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच वळणाचा. अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ प्रोसेसर, बार्टन जातीचा. बोर्डावर चार पिनांचा चौकोनी १२ व्होल्टचा कनेक्टरच नाही, फक्त २० पिनांचा. चांगला ५५० वॅटचा नवीन एसएमपीएस लावला. विंडोज नीट येतं, पण गेम चालू केला की थोड्या वेळात रिस्टार्ट. बायोसमध्ये ५ व्होल्ट ४.७२ दिसतात. ५५० वॅट कमी कसे पडतील?

---

फेराइट

पाचवा_गिअर, तुमचं दुखणं कृष्णाकाठांच्या बरोबर उलट आहे. तुमचे ५५० वॅट जवळजवळ सगळे १२ व्होल्टवर आहेत, आणि तुमचा बोर्ड ते घेतच नाही.

हिशेब करा. बार्टन २५००+ ची कमाल उष्णता ६८.३ वॅट. बोर्डावरचं रूपांतर ८० टक्के कार्यक्षम धरलं तर मागे ८५ वॅट लागतात. १२ चा कनेक्टर नाही म्हणजे तुमचा बोर्ड हे ५ व्होल्टवरून घेत असणार: १७ अँपिअर, एकट्या प्रोसेसरला! रॅम, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क वेगळे. तुमच्या एसएमपीएसच्या लेबलवर ५ व्होल्टला २० अँपिअर असतील, पण खाली बारीक अक्षरात ३.३ आणि ५ मिळून १०० किंवा १२० वॅट अशी मर्यादा असेल. ती ओळ वाचा, तुमच्यासाठी तीच खरी.

पण एसएमपीएस बदलायच्या आधी एक मोजमाप करा. गेम चालू असताना मल्टिमीटरने ५ व्होल्ट दोन ठिकाणी मोजा: रिकाम्या मोलेक्सच्या (डिस्कला जाणाऱ्या मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरच्या) लाल-काळ्यात, आणि बोर्डाच्या कनेक्टरच्या पाठीमागून लाल तारेच्या पिनवर. मोलेक्सवर ५.०० आणि बोर्डावर ४.७ असेल तर दोष एसएमपीएसचा नाही, कनेक्टरचा. २० पिनांत ५ व्होल्टच्या फक्त चारच पिना आहेत, ४, ६, १९ आणि २०. पाचवी २४ पिनांच्या जादा भागात आहे आणि तो तुमच्या बोर्डाबाहेर लोंबतोय. वीसेक अँपिअर चार पिनांतून म्हणजे प्रत्येकीत पाच. एखादी सैल असेल तर बाकीच्या तापणार. कनेक्टर काढून बघा, प्लास्टिक तपकिरी झालंय का. संपर्क साफ करा, पिना थोड्या आवळा.

दोन्हीकडे ४.७ आले तर मात्र एसएमपीएस कमी पडतोय. नियमाने ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये हवेत. मग नव्या पद्धतीचाच, पण ५ व्होल्टला २५ अँपिअर आणि एकत्रित मर्यादा १३० वॅटच्या आसपास असलेला शोधा. असे मोठ्या वॅटच्या डब्यांतच मिळतात, आणि तुमच्या बाबतीत मोठा घेणं योग्य आहे.

---

पाचवा_गिअर

मोलेक्सवर ४.९८, बोर्डावर ४.७४. आणि कनेक्टरच्या एका लाल तारेजवळ प्लास्टिक खरंच पिवळं पडलंय. एसएमपीएसची ऑर्डर थांबवली. खूप आभार.

---

फेराइट

ती पिन साफ करून भागणार नाही, बदला. बोर्डाकडची जोडीची पिनही काळी पडली असेल तर तीसुद्धा. तोवर गेम खेळू नका, तिथे आग लागू शकते.

---

कृष्णाकाठ

ताई, सांगितलं तसं केलं. डिस्क मुक्ताताईंच्या सल्ल्याप्रमाणे काढून तिच्या लेबलचा फोटो घेतला. कराडला एका मित्राकडे पेंटियम ४ आहे, तिथे शनिवारी लावणार. बोर्डावरची निळी बॅटरी काढली. खाली हिरवट डाग होते पण रेघा शाबूत दिसतात, कीबोर्डच्या सॉकेटजवळची एक जरा काळवंडली आहे, तिच्यावर बीप येतो.

आता रोध. सगळी कार्डं लावून: +५ ला ३८ ओम, −१२ ला बराच जास्त, पण +१२ ला १.४ ओम! एकेक कार्ड काढत गेलो. व्हीजीए काढलं, तेवढेच. जिस्ट काढलं, तेवढेच. मल्टी आय/ओ काढलं आणि आकडा एकदम किलोओममध्ये गेला. त्या कार्डावर सिरीयल पोर्टच्या चिपजवळ पिवळा मणी आहे, त्याच्या दोन पायांत १.४ ओम. दुकानदाराचं ऐकून ४५० वॅटचा लावला असता तर काय झालं असतं ते कळलं.

मणी बदलू ना? त्यावर १० आणि १६ असं लिहिलंय. आणि जिस्टची पाचवी पट्टी बघितली, पण तिच्यावर मळ बसलाय आणि रेघ आहे की ओरखडा ते समजत नाही.

---

फेराइट

शाब्बास! मोजमाप अगदी पद्धतशीर केलंत. तो मणीच शॉर्ट आहे.

१० म्हणजे १० मायक्रोफॅरड, १६ म्हणजे १६ व्होल्ट. १२ च्या रेषेवर १६ व्होल्टचा टँटलम म्हणजे फारच कमी अंतर, म्हणून तर ते जातात. नवा २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. काढण्याआधी दिशा लिहून ठेवा. टँटलमवर खूण असते ती अधिक बाजूची, इलेक्ट्रोलायटिकवर पट्टा असतो तो उणे बाजूचा, इथे गल्लत होते. त्याच कार्डावर तसे आणखी मणी असतील तर तेही आत्ताच बदला, ठीक दिसले तरी.

जिस्टची पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, आयसोप्रोपिलने पुसा आणि मीटर लावा: एक टोक पाचव्या पट्टीवर, दुसरं कार्डावरच्या चिप्सच्या पायांवर एकेक करून फिरवा. कुठेच बीप आला नाही तर −५ विसरा. आला तर कुठल्या चिपचा कितवा पाय ते इथे लिहा, ७९०५ ची जागा आपण ठरवू. तोपर्यंत जिस्ट बाहेरच राहू दे.

पहिल्यांदा फक्त बोर्ड, रॅम आणि व्हीजीए. एसएमपीएस आणलात की आधी बोर्डाविना तपासा: ५ व्होल्टवर मोटारसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब लावा, मंद पेटेल आणि दोनेक अँपिअर ओढेल. मग पी८-पी९ वर प्रत्येक तारेचं व्होल्टेज मोजा. +१२ ला ११.४ ते १२.६, −१२ ला १०.८ ते १३.२, ५ चं वर सांगितलंच आहे. करड्या तारेवर ५ च्या जवळपास हवेत.

आणि गावात लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर असेल तर सुरुवातीची तपासणी महावितरणच्या विजेवर करा, इन्व्हर्टरवर नको. चौकोनी लाटेवर काही नवे एसएमपीएस कुरकुर करतात आणि मग दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

---

मुक्ता_डोंबिवली

कृष्णाकाठ, शनिवारी डिस्क लावाल तेव्हा विंडोज सुरू करून आत शिरू नका, ते डिस्कवर स्वतःहून लिहितं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने आख्ख्या डिस्कची एक फाइल बनवा. ४२० एमबीला वेळ लागणार नाही. कुठला आदेश द्यायचा ते व्यनित पाठवते. .डीबीएफ नावाच्या (जुन्या डेटाबेसच्या) फाइली सापडल्या तर त्यातली सगळ्यात मोठी मला पाठवा.